धर्मबदलाचं गॅझेट: कोल्हापुरातून अर्ज करण्याआधी हे वाचा

सेवा: महाराष्ट्र शासन राजपत्रात (म्हणजे गॅझेटमध्ये) धर्मबदलाची जाहिरात
कोण देतं: शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय, ऑनलाइन अर्ज
तारे: पाचपैकी साडेतीन. एजंटमार्फत केलं तर दोन.

धर्म बदलणाऱ्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो "आधी गॅझेट करून घे" असा. कोर्टाच्या आवारातले टायपिस्ट, महा ई-सेवा केंद्रवाले, लग्नाची घाई झालेले नातेवाईक, सगळे हेच सांगतात. हा सल्ला उलटा आहे. गॅझेट हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल आहे. ते आधी टाकलं की बाकीची पावलं चुकत जातात. सेवा म्हणून बघितलं तर ती चांगली आहे: घरबसल्या होते, मुंबईला हेलपाटे पडत नाहीत, छापलेला अंक कुणालाही उघडून बघता येतो. तारे कापलेत ते एकाच कारणासाठी. जातीचा दाखला, वारसाहक्क, लग्न या तिन्हींना हात घालणारी गोष्ट छापताना ही सेवा अर्जदाराला एवढंच सांगते की परिणामांची जबाबदारी तुमची. ते परिणाम कोणते, हे त्यानं स्वतः शोधायचं. म्हणून हा अभिप्राय लांब झाला आहे.

छापून येतं ते काय

राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव, जन्मतारीख आणि धर्म बदलल्याच्या जाहिराती येतात. तुमची जाहिरात म्हणजे थोडक्यात जुनी नोंद, नवी नोंद, पत्ता आणि क्रमांक. याच पानांवर संचालकांची सूचना असते. तिचा आशय असा की या जाहिरातींबद्दल शासन कायदेशीर जबाबदारी घेत नाही, चुकीची माहिती दिली असेल तर तिला आणि पुढच्या परिणामांना जाहिरात देणारा एकटा जबाबदार. लोक आपली ओळ पिवळ्या पेननं रंगवतात आणि ही सूचना वाचतच नाहीत. आधी ती वाचा. शासन इथे धर्म बदलून देत नाही, बदलल्याची खात्रीही देत नाही. तुम्ही जे जाहीर केलंत ते छापतं.

मग धर्म बदलला हे ठरतं कशावरून? सर्वोच्च न्यायालयानं 1970 मध्ये पेरुमल नाडर खटल्यात सांगितलं की हिंदू धर्मात येण्यासाठी ठराविक शुद्धीविधी झालाच पाहिजे असं नाही. खरा हेतू हवा आणि तो दाखवणारं वागणं हवं. विधीचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, गॅझेट हे सगळे त्या हेतूचे पुरावे. कोर्टात प्रश्न आला की वकील गॅझेटच्या पुढे जाऊन विचारतो: लग्न कोणत्या पद्धतीनं झालं, मुलांची नावं काय ठेवलीत, सण कोणते पाळता, मयत कुठे नेली. गॅझेट एकीकडे आणि घरातला व्यवहार दुसरीकडे असेल तर गॅझेट टिकत नाही.

अर्ज कोण करतं, आणि गरज कुणाला असते

कोल्हापूर जिल्ह्यात या सेवेकडे येणारे लोक साधारण चार वाटांनी येतात, आणि चौघांना एकच सल्ला चालत नाही.

पहिली वाट बौद्ध कुटुंबांची. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात 21 आणि 22 मार्च 1920 ला झालेली परिषद, 1935 ची येवल्याची घोषणा आणि 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची दीक्षा, हा इतिहास इथल्या वस्त्यांना पाठ आहे. आजोबांनी दीक्षा घेतली, घर तीन पिढ्या बौद्ध आहे, पण शाळेच्या दाखल्यावर अजून "हिंदू" आणि पुढे जात. या लोकांचा धर्म आज बदलत नाहीये. त्यांना कागद घराशी जुळवून घ्यायचा आहे. त्यांनी प्रतिज्ञापत्रात "आज धर्म स्वीकारत आहे" असं लिहू नये. कुटुंबाचं धर्मांतर कधी झालं, आपण जन्मापासून कोणत्या धर्मात वाढलो, हे सरळ लिहावं. टायपिस्टच्या संगणकातल्या तयार मजकुरात हा फरक नसतो, तो आपणच करून घ्यायचा.

दुसरी वाट लग्नाची. इथे सगळ्यात जास्त घाई आणि सगळ्यात जास्त नुकसान. आंतरधर्मीय लग्नासाठी कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. विशेष विवाह कायदा 1954 पासून आहे. दोघांपैकी एक जण जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं, नोटीस दिल्यापासून 3 महिन्यांच्या आत 3 साक्षीदारांसमोर लग्न करायचं. वय मुलाचं 21, मुलीचं 18 पूर्ण. महिनाभर नाव फलकावर लागतं, घरच्यांना कळतं, म्हणून जोडपी त्याऐवजी एका दिवसात धर्म बदलून लग्न लावून घेतात. भीती खरी असते, ती मी कमी लेखत नाही. पण नुसत्या लग्नापुरता झालेला धर्मबदल कोर्टात सगळ्यात कच्चा ठरतो, आणि पुढे संसारात बिनसलं की त्याच कागदावर दोन्ही बाजूंचे वकील तुटून पडतात. विशेष विवाहाचाही एक परिणाम आधी माहीत हवा. एकत्र कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीनं या कायद्याखाली या चार धर्मांबाहेरच्या व्यक्तीशी लग्न केलं, तर ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं कायदा धरतो, आणि तिच्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा लागू होतो. दोघंही या चार धर्मांतले असतील तर तसं होत नाही. 1976 च्या दुरुस्तीनं तो अपवाद आला.

तिसरी वाट श्रद्धेची: प्रार्थनासभा, सत्संग, एखाद्या आजारपणात मिळालेला आधार, वाचन. इथे गॅझेटची घाई नसते, कारण बदल आतून आणि सावकाश झालेला असतो. धर्मसंस्थाही घाई करत नाहीत, निदान जुन्या आणि जबाबदार संस्था तरी. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढाला बाप्तिस्मा देण्याआधी कित्येक महिने शिकवण चालते आणि बाप्तिस्मा शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. इस्लाममध्ये कलमा म्हणायला काही मिनिटं लागतात, पण जमातीचं किंवा काझींचं पत्र मिळण्याआधी वय, ओळख आणि आधीचं लग्न विचारलं जाणं रास्त आहे. बौद्ध दीक्षेत त्रिशरण, पंचशील आणि 22 प्रतिज्ञा. आर्य समाजात शुद्धी संस्कार. एखादी संस्था यातलं काहीच न विचारता टेबलावर प्रमाणपत्र फाडून देत असेल तर तिथून उठावं. तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध जातो.

चौथी वाट परत येणाऱ्यांची, म्हणजे आजोबांनी सोडलेल्या धर्मात नातवानं परत जाण्याची. इथे जातीचा प्रश्न असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा के. पी. मनू निकाल वाचायला हवा. त्यात तीन गोष्टी सिद्ध करायला सांगितल्या आहेत: पूर्वज त्या जातीचे होते याचा पुरावा, मूळ धर्मात खरोखर परत आल्याचा पुरावा, आणि त्या समाजानं स्वीकारल्याचा पुरावा. गॅझेट यातल्या फार तर दुसऱ्या गोष्टीला मदत करतं. तिसरी गोष्ट गावात, भावकीत, लग्नकार्यात दिसावी लागते.

काही जणांना तर गॅझेटची गरजच नसते. कोल्हापूरनं हे जवळून पाहिलं आहे. वेदोक्ताच्या वादानंतर शाहू महाराजांनी धर्म सोडला नाही, पौरोहित्य बदललं. 1911 मध्ये इथे सत्यशोधक समाज उभा राहिला, 1918 मध्ये आर्य समाज आला, आणि 1920 मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठा धर्मगुरू, नेमले गेले. आजही सत्यशोधक पद्धतीनं लग्न करणारा, भटजी न बोलावणारा, घरातले देव्हारे उतरवणारा माणूस कायद्याच्या नजरेत धर्म बदलत नाही. अशानं गॅझेटवर पैसे घालवू नयेत. पंथ बदलला, संप्रदाय बदलला, माळ घातली किंवा उतरवली, तरी हेच.

कागद, क्रमाने

क्रम असा: विधी किंवा निर्णय, मग संस्थेचं प्रमाणपत्र, मग प्रतिज्ञापत्र, मग ऑनलाइन अर्ज. तारखा याच क्रमानं पुढे जायला हव्यात. प्रतिज्ञापत्र 3 तारखेचं आणि त्यात उल्लेख केलेला विधी 10 तारखेचा, अशी जोडणी अडकते. आणि ती नेहमीची चूक आहे, कारण एजंट प्रतिज्ञापत्र आधी उरकून घेतो.

संस्थेच्या प्रमाणपत्रावर बघायच्या गोष्टी: संस्थेचं पूर्ण नाव आणि पत्ता, नोंदणी क्रमांक, विधीची तारीख आणि जागा, अर्जदाराचं आधारवर आहे तसंच नाव, आधीचा धर्म, नवा धर्म, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, शिक्का. दोन साक्षीदारांच्या सह्या असतील तर उत्तम. संस्थेच्या वहीत ही नोंद कितव्या पानावर आहे ते विचारून लिहून ठेवा. वीस वर्षांनी प्रमाणपत्र हरवलं तर ती वहीच उपयोगी पडते. लग्नाचं प्रमाणपत्र आणि धर्मबदलाचं प्रमाणपत्र वेगळं असतं. एकाच कागदावर दोन्ही लिहून देणाऱ्याकडून दोन स्वतंत्र कागद मागा.

प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात 100 रुपयांच्या मुद्रांकाची जागा 500 च्या मुद्रांकानं घेतली. मात्र शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्काची माफी 2004 च्या आदेशापासून आहे. हे सांगितलं तरी समोरचा "साहेब, बाँडच लागतो" म्हणतो. हेच प्रतिज्ञापत्र उद्या बँकेत किंवा परदेशी वकिलातीत दाखवायचं असेल तर मुद्रांकावर केलेलं सोयीचं, एवढ्यापुरतं त्याचं म्हणणं धरावं. मुद्रांक अर्जदाराच्याच नावानं घ्या, एजंटच्या नावाचा नको.

मजकुरात हे यायला हवं: पूर्ण नाव, वय (18 पूर्ण), पत्ता, जन्मानं कोणता धर्म आणि जात, नवा धर्म, विधीची तारीख, ठिकाण आणि संस्था, हा निर्णय कोणाच्याही दबावाखाली, आमिषानं किंवा फसवणुकीनं घेतलेला नाही असं स्पष्ट वाक्य, आणि वैवाहिक स्थिती. शेवटचं बहुतेक नमुन्यांत नसतं. ते घाला. आधीचं लग्न अस्तित्वात असताना ते लपवून केलेलं प्रतिज्ञापत्र म्हणजे पुढच्या फिर्यादीला आपल्या सहीचा पुरावा. सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा. नोटरीच्या वहीत सही होते का, अनुक्रमांक पडतो का, ते डोळ्यांनी बघा. नुसता शिक्का मारून परत दिलेला कागद घेऊ नका.

ऑनलाइन अर्जात नाव बदल आणि धर्म बदल ही दोन वेगळी कामं आहेत. बाप्तिस्म्यात किंवा निकाहाच्या वेळी नवं नाव घेतलं असेल तर दोन जाहिराती लागतात. नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती मात्र कुठे नाही, आणि माझं मत विचाराल तर गरज नसताना बदलू नये. धर्म आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्रावर छापलेला नसतो, त्यामुळे नुसता धर्म बदलला तर हे कागद जसेच्या तसे चालतात. नाव बदललं की बँक, सातबारा, गुणपत्रिका, विमा, पेन्शन, सगळ्यांच्या दारात जावं लागतं.

स्कॅन सरळ आणि वाचता येण्याजोगं हवं. मोबाइलनं टेबलावर काढलेल्या फोटोत नोटरीचा गोल शिक्का निम्मा सावलीत जातो आणि अर्ज तिथेच थांबतो. इंग्रजी आणि मराठी स्पेलिंग आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. पैसे भरण्याआधी मसुदा दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा खटाटोप आणि पुन्हा खर्च. नव्या धर्माच्या रकान्यात धर्मच लिहा. "बौद्ध" हा धर्म आहे, "नवबौद्ध" हा सवलतींच्या कागदांतला प्रवर्ग आहे. रकान्यात दुसरं लिहिलं तर पुढे दाखल्याच्या वेळी प्रश्न निघतात.

छापून आल्यावर अंकाची मूळ डिजिटल प्रत उतरवून घ्या. तारीख, भाग आणि पान क्रमांक वेगळ्या वहीत लिहा. फक्त आपल्या पानाची रंगीत झेरॉक्स जपून ठेवणाऱ्यांची पुढे अडचण होते, कारण पडताळणी करणारा मूळ अंक शोधतो.

एजंटचं पॅकेज

प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि गॅझेट असं एकत्र पॅकेज विकलं जातं. वर्तमानपत्रातली जाहिरात दिल्लीच्या केंद्रीय राजपत्रासाठी मागितली जाते. राज्याच्या राजपत्रात धर्मबदल छापायचा असेल तर आधी ऑनलाइन अर्जाची कागदांची यादी बघा, मगच त्या जाहिरातीवर पैसे घाला. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. अर्जात एजंट स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घालतो. मग त्रुटी निघाली तरी तुम्हाला कळत नाही. मोबाइल तुमचाच, ईमेल तुमचाच, ही अट आधी घाला. अर्ज भरणं अवघड नाही. ज्याला ऑनलाइन वीजबिल भरता येतं त्याला हेही जमतं. अवघड आहे ते पुढचं, आणि ते एजंटला येत नाही.

जे गॅझेट सांगत नाही

अनुसूचित जातीच्या माणसानं हा भाग दोनदा वाचावा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध या तीन धर्मांतल्या लोकांनाच आहे. शीख 1956 मध्ये आले, बौद्ध 1990 मध्ये. म्हणजे बौद्ध धर्म स्वीकारला तर दर्जा राहतो आणि धर्मांतरित बौद्धांसाठी जातीच्या दाखल्याचा वेगळा नमुना आहे. ख्रिस्ती किंवा मुस्लिम धर्म स्वीकारला तर दर्जा जातो, त्याबरोबर राखीव जागेवरची उमेदवारी आणि शिष्यवृत्तीही. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही.

काही जण श्रद्धा एका धर्मात आणि दाखला दुसऱ्या धर्मात ठेवतात. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सी. सेल्वराणी प्रकरणात हे चालणार नाही असं स्पष्ट केलं: बाप्तिस्मा झालेला, चर्चला नियमित जाणं चालू, आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्राचा कायदाही कडक आहे. खोट्या माहितीवर दाखला मिळवला तर घेतलेले फायदे परत जातात आणि 6 महिने ते 2 वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. जात पडताळणी समितीकडे दक्षता पथक असतं, ते घरी आणि गावात येऊन चौकशी करतं. या लोकांनी ज्या कोंडीत हा मार्ग धरला ती कोंडी मला कळते. श्रद्धा बदलली म्हणून गावानं जात विसरली असं होत नाही, आणि धर्मांतरित दलितांना हा दर्जा मिळावा की नाही हा वाद वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण आज कायदा जो आहे तो असा आहे, आणि गॅझेटची ओळ ही त्या चौकशीत पहिल्यांदा समोर ठेवली जाते.

शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दल मोठा गैरसमज आहे. तो दाखला त्या काळची नोंद आहे. चाळिसाव्या वर्षी धर्म बदलला म्हणून मुख्याध्यापक जनरल रजिस्टरमध्ये नवा धर्म लिहू शकत नाहीत. तिथे दुरुस्ती होते ती मूळची चूक असेल तर. दाखला तसाच राहतो, सोबत गॅझेट जोडायचं. शाळेत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. मुलांच्या शाळाप्रवेशाच्या वेळी मात्र अर्जात नवा धर्म नीट लिहा. पुढच्या पिढीचा कागद तिथून सुरू होतो.

आता जमीन. उसाच्या पट्ट्यात हा प्रश्न भावकीतून हमखास येतो: "त्यानं धर्म सोडला, त्याचं नाव सातबाऱ्याला लावू नका." हिंदू वारसा कायदा 1956 चं कलम 26 असं आहे: धर्म सोडणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क त्यामुळे जात नाही. धर्मांतरानंतर त्याला झालेली मुलं आणि त्यांची पुढची संतती, हे हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारस होत नाहीत, वारसा उघडला त्या वेळी ती हिंदू असतील तर होतात. म्हणजे मुलगा ख्रिस्ती झाला तरी वडिलांच्या वारस नोंदीत त्याचं नाव लागतं. मुलगी मुस्लिम झाली तरी तिचंही लागतं. पण वडिलांच्या आधी तोच गेला, तर धर्मांतरानंतर जन्मलेली नातवंडं अडकतात. असं होऊ शकतं असं वाटत असेल तर आजोबांनी हयातीतच मृत्युपत्र करावं. ज्यांचं वारसपण कायद्यानं गेलं त्यांनाही मृत्युपत्रानं देता येतं. वारस नोंदीला हरकत आली तर तलाठ्याशी वाद घालू नका, कलम 26 ची प्रत लेखी म्हणण्याला जोडा. बौद्ध, जैन किंवा शीख होणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही, कारण हे सगळे याच कायद्याखाली येतात.

धर्म बदलणाऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीचं पुढे काय, हे वेगळं. ख्रिस्ती झाल्यावर भारतीय वारसा कायदा 1925. मुस्लिम झाल्यावर मुस्लिम व्यक्तिगत कायदा, त्यात मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं आणि बिगरमुस्लिम आईवडील, भाऊ वारस होत नाहीत. म्हाताऱ्या आईला घरात राहण्याचा हक्क लेखी करून ठेवायचा असेल तर ते आधी करा.

लग्न. जोडीदारांपैकी एकानं धर्म बदलला म्हणून लग्न आपोआप मोडत नाही. हिंदू विवाह कायद्यात तो दुसऱ्या जोडीदाराला घटस्फोट मागण्याचा आधार आहे, इतकंच. आधीची बायको असताना मुस्लिम होऊन दुसरं लग्न करणाऱ्यांसाठी 1995 चा सरला मुदगल निकाल आहे: दुसरं लग्न रद्दबातल, आणि द्विभार्या प्रतिबंधाचा गुन्हा लागतो. हिंदू धर्म सोडणारी पत्नी 1956 च्या दत्तक व पोटगी कायद्याखालचा हक्क गमावते, आणि धर्म सोडणारा पालक हिंदू अज्ञान पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक राहत नाही. मुलांचा ताबा ठरवताना कोर्ट मुलांचं हित बघतं हे खरं, पण लढाई तिथून सुरू होते. नवऱ्याशी वाद चालू असताना बाईनं गॅझेट करण्याआधी वकिलाला विचारलंच पाहिजे.

कोणताच धर्म नको असेल तर

या सेवेची सगळ्यात कमकुवत बाजू इथे होती. 2010 च्या एका जनहित याचिकेतल्या अर्जदारांना आपला कोणताही धर्म नाही अशी राजपत्रात नोंद हवी होती, आणि शासकीय मुद्रणालयानं ती नाकारली होती. 23 सप्टेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. अतुल चांदुरकर यांच्या खंडपीठानं निकाल दिला: राज्यघटनेच्या कलम 25 मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताच धर्म न मानण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि शासन कुणालाही धर्म सांगायला किंवा लिहायला भाग पाडू शकत नाही. अर्ज करताना या निकालाची प्रत जोडा, रकान्यात "कोणताही धर्म नाही" असं लिहा आणि प्रतिज्ञापत्रात 25 व्या कलमाचा उल्लेख ठेवा. संस्थेच्या प्रमाणपत्राचा प्रश्न इथे उद्भवत नाही, कारण धर्म सोडायला कोणतीही संस्था लागत नाही. हे अर्जातच एका ओळीत लिहा, म्हणजे "प्रमाणपत्र जोडले नाही" अशी त्रुटी निघाली तर उत्तर तयार असेल.

याचा व्यवहारात फायदा मर्यादित आहे. हिंदू कुटुंबात जन्मलेला माणूस धर्म मानत नसला तरी त्याच्या वारशाला हिंदू वारसा कायदाच लागतो. मुस्लिम कुटुंबात जन्मून श्रद्धा सोडलेल्याला कोणता वारसा कायदा लागू करायचा, हा प्रश्न केरळमधल्या एका महिलेच्या याचिकेवर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुनावणीला घेतला. 2011 च्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या सुमारे 28.7 लाख होती. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि प्रगणक तुम्ही सांगाल ते लिहितो. तिथे गॅझेट दाखवावं लागत नाही. तेव्हा फक्त जनगणनेत नोंद व्हावी यासाठी गॅझेट करणार असाल तर करू नका.

अर्जाच्या तारखेआधी दोन गोष्टी

महाराष्ट्रात धर्मांतराच्या कायद्याचा अभ्यास करायला फेब्रुवारी 2025 मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हापासून हा विषय हलता आहे. काही राज्यांत विधीच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांना नोटीस द्यावी लागते. तुमच्या विधीच्या दिवशी इथे कोणता नियम लागू आहे, हे वकिलाला विधीच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विधी करून देणाऱ्या संस्थेलाही हे माहीत असायला हवं. सीमेपलीकडे निपाणी किंवा बेळगावात विधी करणार असाल तर कर्नाटकचा नियम वेगळा विचारा. राहता कोल्हापुरात आणि विधी तिकडे, असं असेल तर दोन्ही.

दुसरं, अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा आणि माहिती अधिकारात फाइलवरचे शेरे काढून घ्या. त्यावर दाद उच्च न्यायालयात मागता येते. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. याचिकेसाठी मुंबईचा मुक्काम आणि खर्च आता वाचतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना वकील मोफत मिळतो. तिथे जाताना नाकारलेल्या अर्जाची पोच, संस्थेचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि शाळेचा दाखला अशा चारही कागदांच्या दोन दोन प्रती न्या.